फुफ्फुसाच्या कॅन्सरचा ईजीएफआर रिपोर्ट कसा वाचायचा

आधी एक घोळ निस्तरून घेऊ. पेशंटच्या फाईलमध्ये ईजीएफआर हे नाव दोन जागी सापडतं आणि त्या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. क्रिएटिनिनच्या खाली, पहिलं अक्षर लहान छापून, पुढे ७८ किंवा ५४ असा आकडा असेल तर तो मूत्रपिंडांचा हिशेब आहे: ती मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात याचा अंदाज. सीटी स्कॅनला डाय द्यायचा की नाही, ते ठरवताना तो बघतात. या लेखातला ईजीएफआर म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर. चारही अक्षरं मोठी, रिपोर्ट मॉलिक्युलर लॅबचा, आणि आत ‘एक्झॉन १९’, ‘एल८५८आर’, ‘नॉट डिटेक्टेड’ अशी भाषा. ‘ईजीएफआर ९२ आलाय, म्हणजे पॉझिटिव्ह ना?’ असं घरच्या ग्रुपवर कुणी विचारलं, तर पहिल्यांदा रिपोर्टचं शीर्षक बघायला सांगा.

दुसरं म्हणजे ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ एवढे शब्द अर्धवट आहेत. रिसेप्टर, म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन, नेमका कुठे बिघडला आहे त्यावर तो बंद करणारी गोळी ठरते. एकाच जनुकातला एक बिघाड ज्या गोळीपुढे महिनोन्महिने नरम पडतो, त्याच गोळीला दुसरा बिघाड भीक घालत नाही. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना फोन कराल तेव्हा ‘पॉझिटिव्ह आहे’ म्हणून थांबू नका. एक्झॉनचा (जनुकाचं एक प्रकरण म्हणा) क्रमांक आणि पुढची अक्षरं-आकडे जसेच्या तसे वाचून दाखवा.

रिसेप्टर धड असताना

ईजीएफआर हे पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यात रोवलेलं प्रथिन. अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. बाहेरच्या अंगाचे चार भाग पडतात आणि एरवी ते दुमडलेले असतात: दुसऱ्या भागातून निघालेला एक हात चौथ्या भागात अडकवून ठेवलेला. ईजीएफ हे ५३ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या बेचक्यात येऊन बसलं, की अंग उलगडतं, हात सुटतो आणि शेजारच्या दुसऱ्या रिसेप्टरचा तसाच सुटलेला हात धरतो. एका हाताने टाळी वाजत नाही हे इथे अगदी शब्दशः खरं आहे. बाहेर जोडी जमली की आतल्या अंगातले दोन किनेज (फॉस्फेट चिकटवणारे भाग) एकमेकांना भिडतात, पण बरोबरीने नव्हे. एक दुसऱ्याला मागून टेकून रेटतो आणि रेटला जाणारा चालू होतो. चालू झालेला किनेज एटीपी या पेशीच्या इंधनातला फॉस्फेट उचलून रिसेप्टरच्या शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर चिकटवतो.

फॉस्फेट लागलेली शेपटी म्हणजे पेशीच्या आत लावलेली पाटीच. ती वाचणारी प्रथिनं येऊन बिलगतात आणि निरोप मुख्यतः दोन वाटांनी पुढे जातो. रास, रॅफ, मेक, अर्क ही साखळी केंद्रकापर्यंत पोचते आणि ‘दोन हो’ म्हणून सांगते. पीआय३के आणि एकेटी ही दुसरी साखळी ‘इतक्यात मरू नकोस’ म्हणते. (टीबीच्या औषधांनाही आपल्याकडे दवाखान्यात ‘एकेटी’ म्हणतात. तो योगायोग आहे, पण त्या एकेटीचं काम पुढे येणार आहे.)

निरोप विझवायची सोयही त्याच शेपटीवर आहे. सीबीएल नावाचं प्रथिन तिला पकडतं, रिसेप्टरला युबिक्विटिनची चिठ्ठी लावतं, आणि पापुद्र्याचा तेवढा तुकडा आत ओढला जाऊन रिसेप्टर लायसोसोममध्ये विरघळतो. शिवाय फॉस्फेटेज नावाची एन्झाइमं चिकटवलेले फॉस्फेट सतत खरवडत असतात. एकूण खेळ काही मिनिटांपासून तासाभराचा. जखम भरताना कातडीच्या पेशी असाच निरोप घेऊन वाढतात आणि थांबतात.

कुठे मोडतो

ईजीएफआरचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे, २८ एक्झॉनांचं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये जवळजवळ सगळे कामाचे बिघाड १८ ते २१ या चार एक्झॉनांत सापडतात, कारण किनेजचा एटीपी धरणारा खळगा आणि त्याचं कुलूप त्यांच्यात लिहिलेलं आहे.

एल८५८आर हा त्यातला एक जवळून पाहू. एल म्हणजे ल्युसिन, आर म्हणजे आर्जिनिन, ८५८ ही माळेतली जागा. जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं असतं, सीटीजीच्या जागी सीजीजी. ल्युसिन तेलकट स्वभावाचं. किनेज बंद असतो तेव्हा ते आतल्या एका तेलकट खाचेत रुतून बसतं आणि त्या खिळ्यावर बंद अवस्था टिकते. आर्जिनिन लांब आणि विद्युतभारित, त्याला ती खाच मानवत नाही. खिळाच बसत नाही म्हटल्यावर किनेज बंद राहायचं विसरतो. शुद्ध केलेल्या प्रथिनावर मोजलं तेव्हा एल८५८आर मूळ किनेजच्या सुमारे ५० पट जास्त काम करताना दिसला. बाहेर ईजीएफ नसतानाही जोड्या जमतात आणि निरोप जातच राहतो.

एक्झॉन १९ मध्ये बदल होत नाही, तुकडा गळतो. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे ई७४६_ए७५०डेल: १५ अक्षरं गळली, म्हणजे पाच अमिनो आम्लं कमी झाली. अशा गळतीचा आकडा बहुतेक वेळा तिनाच्या पटीत निघतो, आणि त्याला कारण आहे. तीन अक्षरांचं एक अमिनो आम्ल. १४ अक्षरं गळली असती तर पुढची सगळी माळ चुकीची वाचली जाऊन प्रथिनच बाद झालं असतं आणि तसल्या पेशीला काही फायदा मिळाला नसता. रिपोर्टात दिसतात ते प्रथिन चालू ठेवणारे, उलट जास्तच चालवणारे बिघाड.

एक्झॉन १९ ची गळती आणि एल८५८आर हे दोन मिळून सगळ्या ईजीएफआर बिघाडांपैकी ८५ ते ९० टक्के भरतात. त्यांना ‘कॉमन’ म्हणतात. या दोघांत एटीपीवरची पकड सैल होते, म्हणून त्याच खळग्यात घुसणारी गोळी सहज जागा पटकावते. गोळ्या चालतात त्या या दुबळेपणावर.

‘अनकॉमन’ गटात एक्झॉन १८ मधला जी७१९एक्स, एक्झॉन २० मधला एस७६८आय, एक्झॉन २१ मधला एल८६१क्यू. इथे अफाटिनिब किंवा ओसिमर्टिनिब या गोळ्यांचा विचार होतो.

एक्झॉन २० मधली भर, म्हणजे ‘इन्सर्शन’, हे वेगळंच प्रकरण. जादा अमिनो आम्लं खळग्याच्या मागे पाचरीसारखी बसतात आणि किनेजला चालू स्थितीत रेटतात, पण खळग्याचा आकार धड रिसेप्टरसारखाच राहतो. जुनी गोळी त्याला मारायला जावी तर तेवढीच धड पेशींनाही मारते. म्हणून जेफिटिनिब, एर्लोटिनिब या जुन्या गोळ्या इथे निरुपयोगी. अमिव्हँटामॅब हे बाहेरून पकडणारं इंजेक्शन केमोथेरपीबरोबर देतात. अपवाद एकच लक्षात ठेवा: ए७६३_वाय७६४इन्सएफक्यूईए. हा एक्झॉन २० मधलाच, पण गोळ्यांना दाद देतो. म्हणून रिपोर्टात नुसतं ‘एक्झॉन २० इन्सर्शन’ असेल तर पूर्ण नाव मागून घ्या.

आणि टी७९०एम. हाही एक्झॉन २० चाच, पण इन्सर्शन नाही. तो सहसा पहिल्या रिपोर्टात नसतो. जेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा अफाटिनिब काही महिने चालून मग थकतात, तेव्हा निम्म्याहून अधिक पेशंटांत तो उगवलेला सापडतो. एटीपीवरची सैल झालेली पकड तो पुन्हा घट्ट करतो आणि गोळीला जागा मिळेनाशी होते.

क्रमांकांबद्दल एक सूचना. जुन्या शोधनिबंधांत एल८५८आरचा उल्लेख एल८३४आर असा सापडेल. प्रथिन तयार होताना सुरुवातीची २४ अमिनो आम्लं कापली जातात. काहींनी ती मोजली, काहींनी नाही. बिघाड तोच.

तुकडा लॅबमध्ये जाण्याआधी

वाया गेलेल्या टेस्टचं मूळ बहुतेकदा मशीनमध्ये नसतं, डबीत असतं. बायोप्सीचा तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रवात, ताबडतोब बुडायला हवा. त्यात तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. सहाच्या आत काढला तर आतला भाग कच्चा राहतो. शनिवारी घेतलेली बायोप्सी लागून सुट्ट्या आल्यामुळे चार-पाच दिवस फॉर्मालिनमध्ये पडून राहिली, तर डीएनएचे तुकडे पडतात आणि रिपोर्ट ‘क्वालिटी फेल’ म्हणून परत येतो. डबी घेऊन तुम्हीच लॅबला जाणार असाल तर बायोप्सीची वेळ डबीवर लिहून घ्या.

हाडातून बायोप्सी असेल तर आधीच सांगा की यावर मॉलिक्युलर टेस्ट करायची आहे. हाड मऊ करायला ॲसिड वापरलं की डीएनए गेलाच. ईडीटीए वापरलं तर वेळ जास्त लागतो, पण डीएनए वाचतो.

छातीत पाणी झालं असेल आणि ते काढणार असतील तर ते फेकू देऊ नका. त्यातल्या पेशींचा गाळ करून सेल ब्लॉक बनवता येतो आणि पुष्कळदा पुन्हा सुई घालावी लागत नाही. ५० मिलीपेक्षा कमी पाठवू नये, जास्त असेल तितकं बरं.

पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना तो पिशवीत, सावलीत असू द्या. पॅराफिन ५६ ते ६० अंशांना वितळतं आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तिथवर जाऊ शकतो. ब्लॉकवरचा नंबर आणि हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवरचा नंबर जुळतोय ना, हे निघण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्लॉक छोटा असेल तर पॅथॉलॉजिस्टला विनंती करा की आयएचसीचे (पेशींतली प्रथिनं रंगवून बघण्याचे) डझनभर डाग करत बसण्यापेक्षा टीटीएफ१ आणि पी४० एवढ्या दोन डागांवर निदान उरकून बाकीचा ऊतक जनुकांच्या टेस्टसाठी राखा. ही विनंती अजिबात आगाऊपणाची नाही. चांगले पॅथॉलॉजिस्ट स्वतःहूनच तसं करतात.

रक्तावरची टेस्ट, म्हणजे लिक्विड बायोप्सी, दोन तऱ्हेच्या नळ्यांत घेतात. साध्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत रक्त काही तासांतच फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए त्यात मिसळतो आणि गाठीचा डीएनए त्या गर्दीत हरवतो. पेशी टिकवणाऱ्या खास नळ्यांत रक्त बरेच दिवस टिकतं, पण खोलीच्या तापमानाला. ती नळी ‘जपून’ म्हणून फ्रीजमध्ये ठेवणं ही नेहमीची चूक.

रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचायचा

शेवटची ठळक ओळ आधी वाचायची सवय सोडा. क्रम असा: नमुना कसला, पद्धत कोणती, मग निकाल.

समजा रिपोर्टात हे आहे: ‘नमुना: पॅराफिन ब्लॉक, ट्यूमर पेशी ३० टक्के. पद्धत: एनजीएस. निकाल: ईजीएफआर, एक्झॉन २१, सी.२५७३टी>जी, पी.एल८५८आर. व्हीएएफ १४ टक्के, डेप्थ ११०० एक्स.’

एनजीएस म्हणजे बरीच जनुकं एका दमात वाचणारी पद्धत. ट्यूमर पेशी ३० टक्के म्हणजे त्या तुकड्यात दर दहातल्या तीनच पेशी कॅन्सरच्या, बाकी रक्तवाहिन्या, सूज, साधं फुफ्फुस. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि सहसा त्यातली एकच बिघडलेली. म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास बिघडलेल्या प्रती अपेक्षित. व्हीएएफ म्हणजे हेच बिघडलेल्या प्रतींचं प्रमाण, आणि रिपोर्ट म्हणतो १४. हिशेब जुळला. डेप्थ ११०० म्हणजे ती जागा ११०० वेळा वाचली, त्यातल्या सुमारे १५४ वाचनांत बदल दिसला. असा निकाल निःशंक धरावा.

आता तोच हिशेब उलटा करा. ट्यूमर पेशी ८ टक्के असतील तर बिघडलेल्या प्रती ४ टक्के. जुन्या सँगर पद्धतीला १५ ते २० टक्क्यांखालचं काही दिसत नाही. बऱ्याच पीसीआर किटांची मर्यादा ५ टक्क्यांच्या आसपास, काहींची १. अशा तुकड्यावर ‘नॉट डिटेक्टेड’ आलं तर त्याचा अर्थ ‘आम्हाला दिसलं नाही’ इतकाच. ‘नाही’ असा नाही. ट्यूमर पेशींचा आकडा रिपोर्टात छापलाच नसेल तर फोन करून विचारा. तो पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर मोजलेला असतो, फक्त लिहायचा राहतो.

उलट टी७९०एमचा व्हीएएफ पहिल्याच रिपोर्टात बरोबर ५० टक्क्यांच्या आसपास आला, आणि पेशंटने अजून एकही गोळी घेतलेली नसेल, तर तो बदल गाठीत उगवलेला नसून जन्मजात असू शकतो. मग साध्या रक्तपेशींवर टेस्ट आणि घरच्यांसाठी जेनेटिक समुपदेशन.

पद्धत का बघायची? पीसीआर किट ठरावीक बिघाडांची यादी घेऊन बसतं. यादीत नाही ते त्याला दिसत नाही, आणि एक्झॉन २० चे पुष्कळ इन्सर्शन यादीत नसतात. पीसीआर चार-पाच दिवसांत होतं, पैसेही कमी लागतात. एनजीएसला साधारण दोन आठवडे लागतात, पण ईजीएफआरबरोबर एएलके, आरओएस१, ब्राफ, मेट अशी बाकीची जनुकंही एकाच तुकड्यावर तपासून होतात. पीसीआर निगेटिव्ह आलं आणि पेशंट कधी विडी-सिगारेट न ओढलेला असेल, तर तिथे थांबू नये. पुढे एनजीएस करावं.

रक्ताच्या टेस्टचंही तसंच. रक्तात बिघाड सापडला तर तो खरा मानून गोळी सुरू करता येते. सापडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण दहातल्या तीन-चार गाठी रक्तात पुरेसा डीएनए सोडतच नाहीत. मग तुकड्यावरच यावं लागतं.

‘आयएचसीवर ईजीएफआर ३ प्लस’ असं काही लिहिलेलं असेल तर ते रिसेप्टर किती आहेत ते सांगतं. बिघडलेला आहे की नाही ते सांगत नाही. त्यावरून फुफ्फुसासाठी गोळी सुरू करणं चूक.

टेस्ट कुणाची

बिघाड बायकांत आणि तंबाखू न ओढणाऱ्यांत जास्त दिसतो, पण त्यावरून टेस्ट कुणाची करायची ते ठरवू नये. फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींसारख्या पेशींचा कॅन्सर) असेल तर प्रत्येकाची. टाटा मेमोरियलने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ९०७ पेशंटांच्या अभ्यासात २३ टक्क्यांत बिघाड सापडला होता. पूर्व आशियात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास, युरोप-अमेरिकेत १० ते १५ टक्के.

आणि रिपोर्टची वाट बघताना अंदाजाने गोळी सुरू करण्याचा मोह आवरा. २००९ च्या आयपास ट्रायलमध्ये बिघाड असलेल्यांपैकी ७१ टक्क्यांची गाठ जेफिटिनिबने आक्रसली. बिघाड नसलेल्यांत हा आकडा १.१ टक्के होता, आणि त्यांचा आजार केमोथेरपीवरच्यांपेक्षा लवकर वाढला. पेशंटला थांबणं शक्य नसेल तर केमोथेरपीचा एक फेरा देता येतो. पण इम्युनोथेरपी मात्र रिपोर्ट येईपर्यंत रोखून धरावी. ईजीएफआरवाल्या गाठींत ती एकटी फारशी चालत नाही, आणि तिच्या मागोमाग ओसिमर्टिनिब दिलं तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये, जो तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, ईजीएफआर बहुधा बिघडलेला नसतो, नुसता जास्त असतो. तिथे या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. सेटुक्सिमॅब किंवा निमोटुझुमॅब ही बाहेरून बसणारी अँटिबॉडी वापरतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सेटुक्सिमॅबआधी टेस्ट होते ती रासची. साखळीतला खालचा रासच बिघडून अडकलेला असेल तर वरचा रिसेप्टर बंद करून काय उपयोग?

गोळी सुरू झाल्यावर

मात्रा रिपोर्टावरून नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. पण नेहमीचे आकडे माहीत असलेले बरे: जेफिटिनिब २५० मिलिग्रॅम, एर्लोटिनिब १५०, अफाटिनिब ४०, ओसिमर्टिनिब ८०, सगळ्या दिवसातून एकदा. एर्लोटिनिब आणि अफाटिनिब रिकाम्या पोटी, जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन-तीन तासांनी. जेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिबला जेवणाची अट नाही. जेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबचा डोस विसरला आणि पुढच्याला १२ तासांपेक्षा कमी उरले असतील तर तो सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

गिळता येत नसेल तर गोळी खलबत्त्यात कुटू नका. ओसिमर्टिनिब सुमारे ५० मिली साध्या पाण्यात टाकून ढवळा, ती चुरमडली की लगेच प्या, मग ग्लास विसळून तेही प्या. जेफिटिनिबला अर्धा ग्लास पाणी आणि १५-२० मिनिटं लागतात.

सगळ्यात जास्त गडबड होते ती बाकीच्या गोळ्यांशी. पेशंटला कुणी ना कुणी ‘पोटाला त्रास नको’ म्हणून पॅन्टोप्राझोल लिहून दिलेलं असतंच. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं. ते मारलं की गोळी जवळजवळ निम्मी वाया जाते आणि दोष गोळीला दिला जातो. जेफिटिनिबवर असाल आणि पॅन्टोप्राझोल टाळताच येत नसेल तर दोघांत १२ तासांचं अंतर ठेवा. एर्लोटिनिबबरोबर ते घेऊच नये. ओसिमर्टिनिबला हा त्रास नाही.

आता ती टीबीची एकेटी. एक्स-रेवर फुफ्फुसात डाग दिसला की आपल्याकडे आधी टीबी धरून औषधं सुरू होतात, आणि कॅन्सरचं निदान झाल्यावरही ती पुष्कळदा चालूच राहतात. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला या गोळ्या भराभर मोडायला लावतं: जेफिटिनिबची रक्तातली एकूण मात्रा ८० टक्क्यांहून जास्त घटते, ओसिमर्टिनिबची पाऊणपट. टीबी खराच असेल तर तो बरा करायलाच हवा, म्हणून स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. पण छातीचे डॉक्टर आणि ऑन्कोलॉजिस्ट या दोघांना दोन्ही चिठ्ठ्या एकाच दिवशी दाखवा. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तरी हाच प्रकार. लेव्हेटिरासेटाम चालतं. विडी-सिगारेट चालू ठेवली तर एर्लोटिनिब निम्म्याहून खाली येतं. ग्रेपफ्रूट उलट पातळी वाढवतं, आणि पपनस त्याचंच भावंड म्हणून तेही टाळावं.

पहिल्या दोन आठवड्यांत चेहऱ्यावर, छातीवर पुरळ येतं. ते का, हे रिसेप्टरच्या नावातच आहे. स्टॅनली कोहेन यांनी १९६२ मध्ये उंदराच्या लाळग्रंथीतून ईजीएफ वेगळं केलं, ते नवजात पिल्लांचे डोळे आणि दात वेळेआधी उघडतात-फुटतात हे बघून. कातडीच्या पेशींना वाढ लावणारा तो निरोप. (त्यावर त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं.) गोळी गाठीतला निरोप बंद करते तेव्हा कातडीतलाही थोडा बंद करते. दिसायला तारुण्यपीटिका, पण त्या नव्हेत: पिंपल्सची औषधं लावू नका, ती कातडी आणखी सुकवतात. अंगाला बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, बाहेर पडताना सनस्क्रीन. डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. नखांच्या कडा सुजल्या तर चपला सैल घाला आणि नखं सरळ कापा. ओसिमर्टिनिब बिघडलेल्या रिसेप्टरवरच जास्त जोर लावतं, म्हणून त्यावर पुरळ कमी.

जुलाब सुरू झाले तर लोपेरामाइड पहिल्यांदा ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २, दिवसाला १६ च्या वर नाही. ओआरएस चालू ठेवा. ताप किंवा रक्त असेल तर लोपेरामाइड न घेता डॉक्टरांकडे.

एक लक्षण मात्र उद्यावर टाकायचं नाही: नव्याने लागलेला दम, कोरडा खोकला, ताप. फुफ्फुसाला गोळीमुळे सूज येण्याचा प्रकार कमी जणांत होतो, पण जिवावर बेततो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि ते सांगेपर्यंत पुढची गोळी घेऊ नका.

कोणती गोळी आधी

फ्लॉरा ट्रायलमध्ये ओसिमर्टिनिबवर आजार सरासरी १८.९ महिने आटोक्यात राहिला, जुन्या गोळ्यांवर १०.२. ते मेंदूतही चांगलं पोचतं. पण ते परवडलं नाही म्हणजे सगळं संपलं असं मुळीच नाही. टाटा मेमोरियलने ३५० पेशंटांवर केलेली ट्रायल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या जेफिटिनिबवर ८ महिने, जेफिटिनिबबरोबर पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमोथेरपी दिली तेव्हा १६. किंमत मोजावी लागली ती त्रासात: गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ वर गेले. म्हणजे अंगात ताकद असलेल्याला हा रस्ता चांगला, खंगलेल्याला विचार करून. आता ओसिमर्टिनिबबरोबरही केमोथेरपी देतात.

पुन्हा वाढला तर

वाढ दिसल्या दिवशी गोळी झटक्यात बंद करू नका. काही जणांत रोग एकदम उसळतो. पुढचं औषध हातात येईपर्यंत चालू ठेवायची की नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि नवीन नमुना घ्या. जुन्या ब्लॉकमध्ये जुनी गाठ आहे. जेफिटिनिब-एर्लोटिनिबवरून वाढला असेल तर आधी रक्तात टी७९०एम शोधा. सापडला तर ओसिमर्टिनिब. ते ७९७ क्रमांकाच्या सिस्टिनला कायमचं चिकटून बसतं, म्हणून टी७९०एमची घट्ट पकड तिथे कामी येत नाही. ओसिमर्टिनिबवरूनच वाढला असेल तर रिपोर्टात सी७९७एस आहे का बघा: चिकटायची ती जागाच बदलली असा त्याचा अर्थ. मेटच्या प्रती वाढल्यात का तेही विचारा. मेट हा शेजारचा दुसरा रिसेप्टर, ईजीएफआर बंद असताना त्याच साखळ्या बाहेरून चालू ठेवणारा.

रक्तात काहीच सापडलं नाही तर सुई घालायला नाही म्हणू नका. काही गाठी याच टप्प्यावर स्मॉल सेल प्रकारात बदलतात आणि ते रक्तावरून कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. उपचार तिथे पूर्ण वेगळा, प्लॅटिनम आणि इटोपोसाइडचा. म्हणून या दुसऱ्या बायोप्सीच्या चिठ्ठीवर ‘आधीचं निदान ॲडिनोकार्सिनोमा, ईजीएफआर बिघाड अमुक, गोळी अमुक महिने, स्मॉल सेल बदल पाहावा’ एवढं लिहून घ्या. पॅथॉलॉजिस्टला हे माहीत नसेल तर तो हा कॅन्सर नव्याने उगवलेला समजेल.